लायसन्स, सॅम्युअल (१७ मे १७६३ – २९ जून १८१९)

इंग्लिश अभिलेखपाल, पुरातत्त्वज्ञ आणि उत्कीर्णक (धातूच्या पत्र्यावर खोदचित्रे करणारा). त्याचा जन्म ग्लॉस्टरशरमधील रॉडमार्टन येथे एका धर्मोपदेशकाच्या घरात झाला. त्याने कायद्याचे शिक्षण घेऊन १७९८ मध्ये वकिलीची सनद मिळविली. परंतु त्याचा खरा ओढा जुने अवशेष आणि जुनी दप्तरे यांकडे होता. १७८६ मध्ये तो लंडनच्या ‘सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज’चा आणि १७९७ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

ग्लॉस्टरशरमधील वुडचेस्टर येथील उत्खननामुळे (१७९३–९६) त्याचे नाव झाले. तेथील रोमन प्रासादाचा मुख्य भाग चर्चच्या दफनभूमीखाली असून, पिढ्यान्‌पिढ्या कबरी खोदताना त्यातील कुट्टिमचित्राचे (लहान रंगीत खडे जडवून फरशीवर केलेल्या चित्राचे) तुकडे उडत आले होते. लायसन्सने साठांहून अधिक खोल्यांचा आराखडा उभा केला आणि ग्रीक पुराणकथेतील गायक ऑर्फिअस याच्याभोवती फेर धरणाऱ्या पशुपक्ष्यांचे सुमारे १५ मीटर बाजूचे चौरस कुट्टिमचित्र मोजून, जेथे जे शिल्लक होते तेथे ते दाखवून चितारले. त्याचा सचित्र ग्रंथ १७९७ मध्ये निघाला. हे चित्र आज पुन्हा मातीखाली असून १९७३ नंतर ते लोकांसाठी उघडलेले नाही. त्यामुळे लायसन्सची रेखाटने हा केवळ ग्रंथाचा अलंकार नसून स्वतंत्र पुरावा ठरतात, आणि त्याच्या कामाचे मोल मुख्यतः येथेच आहे. ससेक्समधील बिग्नॉर येथे १८११ मध्ये जॉर्ज टपर या शेतकऱ्याच्या नांगराला दगड लागून रोमन अवशेष उघडे पडले, तेव्हा तेथील उत्खननाचे व नोंदींचे कामही त्याच्याकडे आले. तेथील कुट्टिमचित्रांवर गवताने शाकारलेल्या दगडी इमारती उभारून ती जागच्या जागी राखली गेली, ही त्या काळी विरळाच गोष्ट होती. ब्रिटनमधील रोमन अवशेषांविषयीचा त्याचा त्रिखंडात्मक चित्रसंग्रह १८१३–१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आधीचा अभिलेखपाल टॉमस ॲसल याच्या निधनानंतर, डिसेंबर १८०३ मध्ये, लायसन्सची टॉवर ऑफ लंडनमधील अभिलेखपाल म्हणून नेमणूक झाली. तेराव्या शतकाच्या आरंभापासूनची राजाज्ञा, दानपत्रे व बंद (घडी घालून मोहोर लावलेली) पत्रे तेथे चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर नोंदलेली होती. एकाखाली एक शिवलेल्या चर्मपत्रांवर संक्षिप्त लॅटिनमध्ये सलग मजकूर असल्याने, सूची नसेल तर एखादी सनद शोधताना सारी गुंडाळी टोकापासून उलगडत जावे लागे. लायसन्सने कारकुनांची संख्या वाढवून दप्तराची घडी बसविली आणि धूळ खात पडलेले, अस्ताव्यस्त कागद अभ्यासकांच्या हाती येतील असे केले. उत्खननातील चिकाटीच त्याने येथेही वापरली, असे म्हणणे योग्य ठरेल. त्याच्यानंतर हे पद हेन्री पेट्रीकडे गेले.

थोरला भाऊ डॅन्यल याच्यासह त्याने मॅग्ना ब्रिटानिया हा इंग्लंडच्या परगण्यांचा स्थलवर्णनकोश हाती घेतला (१८०६–२२). परगणे इंग्रजी वर्णक्रमाने घ्यायचे ठरल्यामुळे बेडफर्डशरपासून प्रारंभ झाला. टॉवरमधील मूळ नोंदी हाताशी असल्याने जमिनींच्या मालकीची परंपरा त्यात विशेष विश्वसनीय उतरली आहे; वाचनीयतेपेक्षा तपशिलावर भर दिल्याने काही पाने मात्र रुक्ष वाटतात. सायरनसेस्टर येथे सॅम्युअलचे निधन झाले. डेव्हनशरचा सहावा खंड १८२२ मध्ये काढून डॅन्यलने हे काम थांबविले, तेव्हा नऊ परगणे पुरे झाले होते.