वांगं काळं कधी पडलं?

सोसायटीतल्या एका काकांनी परवा त्यांचा तपासणीचा रिपोर्ट आणून दाखवला. पॅकेजमध्ये ‘डीएनए डॅमेज’ अशी एक ओळ होती. आकडा लाल अक्षरांत, दशांश चिन्हानंतर दोन अंक, आणि खाली अँटिऑक्सिडंट पावडर घेण्याचा सल्ला. काका घाबरले होते. मला त्या दोन दशांशांचं नवल वाटलं. हीच गोष्ट मोजताना १९९०च्या दशकात वेगवेगळ्या प्रयोगशाळांची उत्तरं हजारपटीपर्यंत वेगळी येत होती.

डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन (G) सर्वांत सहज ऑक्सिडाइज होतं. त्याच्या आठव्या कार्बनवर ऑक्सिजन बसला की ‘८-ऑक्सोग्वानिन’ तयार होतं. ‘डीएनए डॅमेज’ म्हणून मोजतात ते हेच. हा रेणू लबाड आहे. C शी जोडी जमवायची सोडून तो A शीही जमवतो, आणि प्रत काढताना G च्या जागी T येऊ शकतो. आपल्या पेशींत तो कापून काढणारी एन्झाइम्स असतात, तरी थोडा माल कायम शिल्लक असतोच. जपानच्या कासाई आणि निशिमुरा यांनी हा बदल १९८४ मध्ये दाखवला तो परीक्षानळीत, आणि कशाने घडवून? ॲस्कॉर्बिक ॲसिडने, म्हणजे अँटिऑक्सिडंट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘क’ जीवनसत्त्वाने! परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे, हे मान्य. पण पावडरीच्या डब्यावर ही गोष्ट कोणी छापत नाही.

आता मोजमापाची खरी अडचण. वांग्याच्या आत मुळात किती काळेपणा आहे हे बघायचं, तर वांगं चिरावं लागतं. आणि लोखंडी विळीवर चिरलं की फोडी डोळ्यांदेखत काळ्या पडतात. डीएनएचं अगदी तसंच. पेशी फोडली की तिच्यातलं लोह मोकळं होतं, हवेतला ऑक्सिजन असतोच, आणि डीएनए वेगळा करायला वापरलं जाणारं फिनॉलही या कामात हातभार लावू शकतं. रेणू एकमेकांपासून वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीच्या पद्धतीत तर रेणू बाष्परूपात न्यायचे, म्हणून त्यांना सिलिल या रासायनिक गटाचं आवरण चढवताना नमुना शंभर अंशांच्या वर तापवत. तिथे चांगलं ग्वानिनही ऑक्सिडाइज व्हायचं.

किती ग्वानिन बिघडलं तर फरक पडतो? समजा तुम्ही ९९.९९९ टक्के ग्वानिन जसंच्या तसं सांभाळलंत. शाबासकी द्यावी असं काम. तरी दहा लाखांत दहा रेणू तुमच्या हातून बिघडले. शरीरातलं मूळचं नुकसान दहा लाखांत चारपेक्षाही कमी असू शकतं! म्हणजे मोजलेल्यातलं बरंचसं तुम्हीच टेबलावर तयार केलेलं.

मग चोर पकडायचा कसा? यातली मला सर्वांत आवडणारी युक्ती वजनाची आहे. ग्वानिनयुक्त घटकात, म्हणजे डीऑक्सिग्वानोसिनमध्ये, पाच नायट्रोजन असतात. ते सगळे १४ ऐवजी १५ वजनाचे घेऊन बनवलेलं ‘जड’ डीऑक्सिग्वानोसिन नमुन्यात मुद्दाम टाकायचं. ते कुणाच्याही शरीरातून आलेलं नाही. शेवटी रेणूंचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्याच पाच एककं जड रेणूचं ऑक्सिडाइज झालेलं रूप दिसलं, तर ते प्रयोगशाळेतच झालं, दुसरीकडे कुठेही नाही. इथे एक गफलत होते. बरेच जण जड ८-ऑक्सो रूपच टाकतात. त्याने किती माल वाटेत सांडला ते कळतं, नवा किती तयार झाला ते नाही. दोन्ही हवं असेल तर दोन वेगवेगळ्या वजनांची लेबलं लागतात.

हा गोंधळ निस्तरायला १९९७ मध्ये युरोपात ‘एस्कॉड’ हा गट उभा राहिला. वीसहून अधिक प्रयोगशाळांना सारखेच, सांकेतिक क्रमांक घातलेले नमुने पाठवले गेले. शुद्ध द्रावणं बहुतेकांना नीट मोजता आली, घोळ झाला तो डीएनए मोजताना. पुढे फिनॉलऐवजी सोडियम आयोडाइड, लोह पकडून ठेवायला डेस्फेरिऑक्झामिन (थॅलेसेमियाच्या रुग्णांना देतात तेच) अशा सुधारणा रुजल्या आणि आकडे खाली आले.

दुसरी वाट कॉमेट चाचणीची. इथे डीएनए बाहेर काढतच नाहीत. पेशी काचपट्टीवर ॲगरोजच्या जेलीसारख्या थरात रुतवायच्या, मीठ आणि डिटर्जंटने आवरणं विरघळवायची, मग एफपीजी नावाचं जिवाणूंचं एन्झाइम सोडायचं. ते ८-ऑक्सोग्वानिनच्या जागी धागा तोडतं. विद्युतप्रवाह दिला की तुटलेला डीएनए धन टोकाकडे सरकतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली चक्क धूमकेतू दिसतो. शेपूट जितकं ठळक, तितके तुकडे जास्त.

पण २००३ मध्ये ‘एस्कॉड’ने निरोगी माणसांच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) पेशींचे आकडे मांडले, तेव्हा क्रोमॅटोग्राफीचा मध्यक दहा लाख ग्वानिनांमागे सुमारे चार आला आणि एफपीजीचा सुमारे ०.३. पेशीत साधारण अडीच अब्ज ग्वानिन धरले तर एकीकडे दहा हजार जखमा, दुसरीकडे हजाराच्याही आत. एक पद्धत थोडं तयार करत असावी, दुसरी जवळजवळच्या दोन जखमा एकच धरत असावी.

काकांचा नमुना लघवीचा होता. तिथे डीएनए काढायची भानगड नाही, हे चांगलं. पण लघवीतला आकडा डीएनएत किती जखमा बसून आहेत ते सांगत नाही. बाहेर किती पडलं, तेवढंच सांगतो. शिवाय प्रतिपिंडावर चालणारा एलायझा किट दिसायला सारखे इतर रेणूही पकडतो आणि क्रोमॅटोग्राफीपेक्षा कितीतरी जास्त आकडा देतो.

मी काकांच्या फोनवरून लॅबला विचारलं, पद्धत कोणती? पलीकडच्या मुलीने जरा थांबून सांगितलं, “एलायझा आहे सर. पण रिपोर्टमध्ये तसं लिहीत नाही आम्ही.”