फ्रेटबोर्डला कोणतं तेल लावावं?

एप्रिल लागला की नागपुरात गिटार वाजवणाऱ्यांना नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याच्या, कडेवरून हात फिरवताना फ्रेटची (दांड्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या कांबींची) टोकं टोचायला लागतात. फ्रेट ज्या लाकडी पट्टीत बसवलेल्या असतात तो शिसवी फ्रेटबोर्ड पांढुरका पडलेला असतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, "कोरडं पडलंय, तेल लाव थोडं!" तेल लावायला हरकत नाही. पण टोचणारी टोकं आणि पांढुरका रंग ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि तेलाचा उपयोग दुसऱ्यावरच होतो.

टोचण्याचं कारण पाणी. लाकूड हवेतला ओलावा सतत घेत आणि सोडत असतं. पावसाळ्यात 80 टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण 15 टक्के पाणी त्यात मुरलेलं असतं. मे महिन्यातल्या 20 टक्क्यांच्या हवेत लाकूड बराच काळ राहिलं, तर हे प्रमाण 4-5 टक्क्यांपर्यंत उतरतं. पाणी गेलं की लाकूड रुंदीत आक्रसतं, लांबीत जवळपास नाहीच. बाराव्या फ्रेटपाशी जेमतेम 52 मिलिमीटर रुंद असलेली पट्टी काही दशांश मिलिमीटरने अरुंद होते. धातूची फ्रेट मात्र आहे तेवढीच राहते, म्हणून तिची टोकं बाहेर येतात. हे गेलेलं पाणी तेलाने भरून निघत नाही आणि तेलाचा पातळ हात उरलेल्या पाण्याची वाफही फारशी अडवत नाही. इथे खरा उपयोग आपल्या कूलरचा. गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. कूलरच्या खोलीत, पण थेट झोतापासून दूर ठेवलेली गिटार वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या बंद खोलीतल्या गिटारपेक्षा कितीतरी सुखात असते. कूलर नसेल तर गिटारच्या केसमध्ये भोकं पाडलेली साबणाची डबी आणि तिच्यात घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवावा.

आता पांढुरका रंग. भिंगातून पाहिलं तर शिसवात बारीक, लांबट छिद्रं दिसतात. ती हवेने भरलेली असली की प्रकाश लाकडातून हवेत, हवेतून लाकडात असा पुन्हा पुन्हा विखुरतो आणि पृष्ठभाग फिका दिसतो. लाकडाच्या तंतूंचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) 1.53 च्या आसपास, तेलाचा 1.47 च्या आसपास. छिद्रांत तेल गेलं की दोघांतला फरक इतका कमी होतो की विखुरणं घटतं आणि शिसवाचा गडद, चॉकलेटी रंग उघडा पडतो. शिवाय घाम आणि मळ लाकडात लगेच मुरत नाही. तेलाचं काम एवढंच, आणि तेवढंही पुरेसं आहे.

मग तेल निवडायचं कसं? हवेतला ऑक्सिजन त्या तेलाचं काय करतो, यावरून. वनस्पती तेलांच्या रेणूंत कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि ऑक्सिजन तिथेच हल्ला करतो. हे बंध किती आहेत ते आयोडीन अंकावरून कळतं. विदर्भात पिकणाऱ्या, चटणीमुळे घराघरांत ओळखीच्या जवसाच्या तेलाचा हा अंक 170 च्या वर जातो. बंध इतके असल्यामुळे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तेल सुकून कडक पापुद्रा होतो. खोबरेल दुसऱ्या टोकाला, अंक 10 च्या आसपास. ते लवकर खवट होत नाही, पण सुकतही नाही, आणि 24 अंशांच्या खाली गोठतं. म्हणजे डिसेंबरात फ्रेटच्या कडेला पांढरी चिकटण! सगळ्यांत वाईट मधली तेलं: शेंगदाणा, मोहरी, ऑलिव्ह. त्यांच्यात सुकण्याइतके बंध नसतात, पण खवट व्हायला पुरेसे असतात. त्यामुळे वास, चिकटपणा आणि त्यावर बसलेली धूळ, सगळंच पदरी पडतं.

गिटारच्या दुकानात मिळणारं 'लेमन ऑइल' बहुतेक वेळा सुगंध घातलेलं खनिज तेल असतं. शुद्ध लिंबू तेल किंवा आपल्या संत्र्याच्या सालीचं तेल म्हणजे मुख्यतः लिमोनीन, आणि ते द्रावक आहे. संत्र्याची साल थर्माकोलवर पिळून पाहा, थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. ते मळ छान काढतं, पण लगेच उडून जातं, काही प्लॅस्टिकना इजा करतं आणि हवा लागून जुनं झालं की कातडीला अ‍ॅलर्जीही देऊ शकतं.

माझं मत सरळ आहे: मेडिकलमध्ये मिळणारं साधं लिक्विड पॅराफिन घ्या. हे खनिज तेल. त्यात दुहेरी बंध जवळपास नसतातच, त्यामुळे ना ते खवट होतं ना चिकट. तारा काढा, किंचित ओलसर फडक्याने मळ पुसा, पट्टी कोरडी होऊ द्या. मग सगळ्या पट्टीला मिळून चार-पाच थेंब, दहा मिनिटं थांबणं आणि कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसणं. वर्षातून एक-दोनदा पुरे. हे फक्त शिसव आणि आबनूससारख्या उघड्या लाकडासाठी. मेपलच्या फ्रेटबोर्डवर बहुधा लॅकरचा, म्हणजे वार्निशसारखा, थर असतो, तिथे तेल आत जातच नाही.

टिकाऊ थर हवा म्हणून कुणी रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेल वापरणार असेल, तर हात अगदी पातळ द्या, कारण जाड थर सुरकुततो आणि पुढे काढता येत नाही. पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता बाहेर पडते, घड्यांमध्ये ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. नागपूरच्या मे महिन्यात तर हा धोका आणखी मोठा. फडकं पाण्यात बुडवून ठेवा, किंवा घराबाहेर सावलीत, एकपदरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा.