पिनबॉल म्हणजे नुसतं नशीब? नाही!

‘चित्रं देखणी, पण खेळ शेवटी नशिबाचाच, म्हणून तर न्यूयॉर्कने बंदी घातली होती.’ पिनबॉल म्हणजे उतरत्या फळीवर धातूची गोळी खेळवायचा यंत्रातला खेळ; त्याच्या जुन्या यंत्रांसमोर हे वाक्य हमखास ऐकू येतं. बंदी खरी आहे, 1942 सालची. पण तेव्हाच्या यंत्राला फ्लिपरच, म्हणजे बटण दाबून गोळी परत वर उडवणारे छोटे दांडेच, नव्हते! दांडा ओढून गोळी सोडायची, फार तर यंत्राला धक्का द्यायचा, आणि खिळ्यांमधून ती कुठे घरंगळते ते पाहायचं. जुगाराचा संशय त्या खेळावर होता.

फ्लिपर आले 1947 मध्ये, गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’त, एकदम सहा. तिथून नेम, वेळ साधणं आणि हाताचं कसब यांना अर्थ आला. 1976 मध्ये पिनबॉलपटू रॉजर शार्प यांनी न्यूयॉर्कच्या नगर परिषदेसमोर गोळी कुठून जाणार हे आधी सांगून ती तिथूनच नेली, आणि बंदी उठली.

चित्रांवरही अन्याय नको. जुन्या यंत्रांत ती समोरच्या उभ्या काचेच्या मागच्या बाजूला एकेका रंगाने छापलेली असतात. मागच्या दिव्यांच्या उष्णतेने रंगाचे पापुद्रे सुटतात, म्हणून शाबूत काच दिसली की मी तिथेच रेंगाळतो.