हळदीची पेवं आणि आयर्विनचे फूट

पावसाळ्यात सांगलीत कुणी भेटलं की पहिला प्रश्न एकच: "आयर्विनला किती फूट?" 1929 सालच्या या पुलाजवळ 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2005 मध्ये पाणी 53 च्या वर गेलं, 2019 मध्ये 57 च्याही वर.

पूर काही नवा नाही. 1801 मध्ये मिरजेच्या पटवर्धनांपासून वेगळे झालेल्या चिंतामणरावांनी सांगली राजधानी केली, ती कृष्णेच्या काठावरच. तेव्हाही नदी गावात शिरायची. पण तिला पसरायला सखल रानं आणि ओत, म्हणजे पाणी वाहून नेणारे नैसर्गिक नाले, मोकळे होते. पाणी ओसरलं की काठच्या मळीत गाळ राहायचा. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव लोक उगाच सांगत नाहीत. ती निम्मी त्या गाळाची आहे.

मातीची दुसरी देणगी हरिपुरात, वारणा कृष्णेला मिळते तिथे. इथल्या मातीत हळदीसाठी पेवं खणली जायची. तोंड लहान, पोट मोठं. आतून पाला-चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. वर्षानुवर्षं ना कीड, ना ओल. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची. सांगलीच्या हळदपेठेला ही कोठारं नदीकाठानं दिली होती.

मग शहर वाढलं. स्वस्त जागा सखलातच. गुंठ्या-गुंठ्यानं रानं विकली गेली, ओतात भर पडली. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर ही नावं आता पुराच्या बातमीत सगळ्यात आधी येतात. महापूर अतिवृष्टीचेच, धरणांच्या विसर्गावर वादही होत राहतात. पण पाणी घरात शिरतं ते घर कुठे बांधलं त्यावर. घरं घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. प्लॉट पाडणाऱ्यांनी आणि नकाशावर सही करणाऱ्यांनी पूर पाहिलेला होता.

शेरीनाल्याचंही तेच. पावसाचं पाणी नदीला पोचवणारा नाला शहराचं सांडपाणी पोचवू लागला. ते पाणी उचलून धुळगावच्या शेतीकडे न्यायची योजना झाली, तरी नाला नदीत मिसळल्याच्या बातम्या थांबल्या नाहीत. ज्या नदीचं पाणी प्यायचं, तिच्यातच हे.

2005 च्या पुरात हरिपूरची बरीच पेवं पाण्यात गेली, आतल्या हळदीसकट. तेव्हापासून व्यापारी कोल्ड स्टोरेजकडे वळले. आता तिथं पोत्यामागे भाडं द्यायचं आणि वर वीज गेली की जनरेटर.