पालिकेची बांधकाम कंपनी गोत्यात आली की: शेअरचे पैसे वेगळे, कर्जाचे पैसे वेगळे

माझा मावसभाऊ मूळ डिचोलीचा, आता बरीच वर्षं दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमध्ये राहतो. चतुर्थीला घरी आला तेव्हा सांगत होता की 2023 मध्ये त्यांचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, एका झटक्यात जवळजवळ 15 टक्क्यांनी वाढला. कौन्सिल म्हणजे आपल्या पालिकेसारखीच संस्था. तिचे हाल व्हायला बरीच कारणं होती, पण त्यातलं एक मोठं कारण म्हणजे तिने स्वतःच काढलेली घरं बांधायची कंपनी, ब्रिक बाय ब्रिक. तो म्हणाला, "कौन्सिलने कंपनीत 200 मिलियन घातले आणि बुडवले." मी विचारलं घातले म्हणजे कसे, शेअर घेतले की कर्ज दिलं? तर म्हणे काय फरक पडतो, पैसे पैसेच.

फरक पडतो, आणि कंपनीचं पुढे काय करायचं हे ठरवताना तर सगळं त्यावरच अडतं.

घरातलं उदाहरण घ्या. म्हापशात भावाने हार्डवेअरचं दुकान काढलं, तुम्ही भागीदार म्हणून 2 लाख घातले आणि वर 3 लाख उसने दिले. दुकान चाललं तर 2 लाखांवर नफ्याचा वाटा, नाही चाललं तर ते गेले, ते परत मागायचा हक्कच नाही कारण ती जोखीम तुम्ही घेतलेली. उसने दिलेले 3 लाख मात्र दुकान चालो न चालो, परत यायला हवेत. दुकान मोडायची वेळ आली तर आधी ज्यांचं देणं आहे त्यांचं भागवायचं आणि काही उरलं तर भागीदारांचं. कंपनीतही तेच, शेअरवाला सगळ्यात शेवटी.

आता क्रॉयडन. कौन्सिलकडे कंपनीचे 100 टक्के शेअर, पण खरा पैसा गेला तो कर्जाच्या वाटेने. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये ऑडिटर ग्रँट थॉर्नटनचा रिपोर्ट आला, त्यात कर्जाचा आकडा जवळपास 200 मिलियन पाउंड होता आणि डिव्हिडंड म्हणजे नफ्याचा वाटा म्हणून कौन्सिलच्या हातात काहीच आलेलं नव्हतं. तिथे कौन्सिलं सरकारी तिजोरीतून स्वस्तात कर्ज उचलतात आणि आपल्याच कंपनीला जास्त व्याजाने देतात, मधला फरक उत्पन्न म्हणून धरतात. कागदावर छान दिसतं, पण कंपनी फेडत नसली तरी वरचं कर्ज कौन्सिलच्या डोक्यावर तसंच राहतं. नोव्हेंबर 2020 मध्ये क्रॉयडनला सेक्शन 114 ची नोटीस काढावी लागली. याला पेपरवाले दिवाळखोरी म्हणतात पण तिथली कौन्सिल कंपनीसारखी बुडू शकत नाही, कायद्याने बंधनकारक सेवा सोडून नवा खर्च थांबतो एवढाच त्याचा अर्थ.

मग कंपनीचं काय करायचं? विकायची, लगेच बंद करायची, की चालू साइट्स पूर्ण करून मग आवरायची? इथे बहुतेक लोक मालकासारखा विचार करतात, एवढे घातलेत तर वाचवूया, नाहीतर सरळ टाळं लावा. माझं मत, मालकाची टोपी काढून ठेवायची आणि सावकाराची घालायची. शेअरचे पैसे गेलेच समजा. प्रश्न एकच, कर्जातलं जास्तीत जास्त परत कशाने येईल? अर्धवट स्लॅब उभी असलेली इमारत कोण चांगल्या भावात घेणार, पूर्ण झालेला फ्लॅट विकला तर निदान पैसे येतात. म्हणून अजून एक रुपया घातला तर रुपयापेक्षा जास्त परत येतो का, हे प्रत्येक साइटचं वेगळं बघायचं, सगळ्या कंपनीचं एकदम नाही. क्रॉयडननेही 2021 मध्ये हेच पर्याय तोलले आणि चालू कामं पूर्ण करून कंपनी आवरती घ्यायच्या वाटेने गेले.

हे सगळं आपल्याला कशाला? पणजीची स्मार्ट सिटी कंपनी राज्य सरकार आणि महापालिकेची निम्मी निम्मी आहे, पण तिचा पैसा मुख्यतः अनुदानाचा आणि ती फ्लॅट बांधून विकत नाही. गोव्याचं हाऊसिंग बोर्ड 1968 च्या खास कायद्याने झालेलं, ती कंपनीच नाही. त्यामुळे क्रॉयडनसारखी वेळ आपल्याकडे आलेली नाही. पण उद्या एखाद्या पालिकेने अशी कंपनी काढून तिला कर्ज दिलं तर आपला कायदा तिच्याकडे जास्त कडकपणे बघतो, ते सांगायलाच हवं.

2016 च्या दिवाळखोरी कायद्यात कंपनीचं काय करायचं ते कर्ज देणाऱ्यांची समिती मतदानाने ठरवते, कंपनी वाचवायची योजना पास व्हायला 66 टक्के मतं लागतात. पण कर्ज देणारा हाच कंपनीचा मालक असेल तर तो संबंधित पक्ष धरला जातो, त्याला त्या समितीत जागा नाही, मत नाही. म्हणजे पालिकेने करोडोंचं कर्ज दिलं तरी निर्णय बँका आणि फ्लॅट बुक केलेले लोक घेणार, आणि फ्लॅटवाल्यांना तो हक्क असणं मला तरी योग्यच वाटतं. दुसरं, कर्ज तारण घेऊन दिलं असेल तर तो बोजा कंपनी रजिस्ट्रारकडे नोंदवायला लागतो, मुळात 30 दिवसांत. नोंदच नसली तर लिक्विडेटर, म्हणजे कंपनी मोडून देणी भागवायला नेमलेला माणूस, ते तारण मानत नाही आणि पालिका रांगेत मागे जाते, शेअरवाल्यांच्या पुढे असली तरी बँकांच्या बरीच मागे.

अजून एक गोष्ट, पालिकेच्या मीटिंगमध्ये कधी ठराव आला की "कर्जाचं भागभांडवलात रूपांतर", म्हणजे दिलेल्या कर्जाच्या बदल्यात शेअर घ्यायचे, तर नुसतं हिशेबाचं काम म्हणून सोडू नका. कंपनीचा ताळेबंद लगेच सुधारलेला दिसतो, पण परत मागता येणारा पैसा पालिकेने स्वतःच्या हाताने परत न मागता येणारा केलेला असतो. कधी ते करणं भाग असतं, मान्य. पण तेव्हा नगरसेवकाला विचारा, यातलं किती परत येणार नाही असं धरलंय, आणि तो आकडा बजेटमध्ये कुठल्या पानावर आहे. आणि तारण खरंच नोंदवलंय का ते कॉर्पोरेट मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचं नाव टाकून कुणालाही बघता येतं, त्यासाठी वकील लागत नाही.