चौदा आण्यांची अक्षरं

नागपूरच्या महाल भागातल्या आत्याचा बटणांचा जुना फोन गेल्या मे महिन्यात फुगला. म्हणजे आतली बॅटरी फुगली आणि मागचं झाकण आपोआप उघडलं. नागपूरच्या उन्हाळ्यात लोखंडी कपाटात ठेवलेल्या वस्तूचं दुसरं काय होणार! फोनचं तिला दुःख नव्हतं, त्यातल्या नोंदींचं होतं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत म्हटली जाणारी भुलाबाईची गाणी तिला तिच्या आजीकडून आली होती. ती तिनं कित्येक वर्षं त्या इवल्या बटणांवर टकटक करत उतरवून ठेवली होती. एक गाणं, एक नोंद, अशा ४३ नोंदी.

सीताबर्डीच्या एका दुकानात दुसरी बॅटरी बसवून फोन जेमतेम तासभर जिवंत केला, केबल लावली आणि सगळं संगणकावर ओढून घेतलं. पहिली फाईल उघडली तर पडद्यावर हे:

=ई०=ए४=ए८=ई०=ए४=बीई=ई०=ए४=९७=ई०=ए४=एए=ई०=ए५=८२=ई०=ए४=बी०

(पडद्यावर अर्थातच रोमन अक्षरं होती. इथं त्यांची नावं लिहितो आहे.)

"हे काय छापून राहिलं रे?" आत्या म्हणाली. "माही गाणी कुठं गेली?"

गाणी जागेवरच होती. वरच्या ओळीत 'नागपूर' एवढा एकच शब्द आहे. हा प्रकार बहुतेकांनी पाहिलेला असतो, फक्त थांबून पाहिलेला नसतो. मराठी विकिपीडियाच्या पानाचा दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्याच्या खुणांची जी लांबलचक माळ उमटते, ती हीच. तिथं बरोबरच्या चिन्हाऐवजी टक्क्याची खूण असते, एवढाच फरक. पाहणाऱ्याला वाटतं की मजकूर कुलूपबंद केलेला आहे. पण यात गुपित राखण्याचा हेतूच नाही. जुन्या यंत्रणांना फक्त इंग्रजी अक्षरं आणि अंक सुखरूप पुढे पाठवता येत. म्हणून मराठी मजकूर त्यांना झेपेल अशा रूपात लिहून दिला जाई, आणि ते रूप म्हणजे षोडशमान, बोली भाषेत हेक्स.

हेक्स समजावायला मी आत्यासमोर रुपया मांडला, आताचा नव्हे, १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. सोळा आण्यांचा. अधेली म्हणजे आठ आणे, पावली चार, चवली दोन, आणि एक आणा. ही चार नाणी एकेकच खिशात असतील तर शून्यापासून पंधरा आण्यांपर्यंत कुठलीही रक्कम देता येते: प्रत्येक नाणं एकतर द्यायचं किंवा ठेवायचं. अकरा आणे हवेत? अधेली, चवली, आणा. संगणकाची मोजणी नेमकी अशीच चालते. 'दिलं' म्हणजे १, 'ठेवलं' म्हणजे ०. अशा चार होय-नाहींची रक्कम एका खुणेत लिहायची तर सोळा खुणा लागतात. दहा आपल्याकडे आहेतच, ० ते ९. पुढच्या सहांसाठी इंग्रजी अक्षरं उसनी घेतली: दहा म्हणजे ए, अकरा बी, बारा सी, तेरा डी, चौदा ई आणि पंधरा एफ. अशा दोन खुणा शेजारी ठेवल्या की एक बाइट. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इतवारी बाजारातल्या कुठल्याही म्हाताऱ्या अडत्याला हे पाच मिनिटांत कळलं असतं.

आता 'न' उघडून पाहू. त्याचे तीन बाइट आहेत: ई०, ए४, ए८. पहिला ई, म्हणजे चौदा आणे: अधेली दिली, पावली दिली, चवली दिली, आणा ठेवला. एक, एक, एक, शून्य. सुरुवातीला तीन एक, म्हणजे 'आम्ही तिघं मिळून एक अक्षर आहोत'. मागच्या दोन बाइटांची सुरुवात नेहमी एक-शून्य अशी असते. हेक्समध्ये पाहिलं तर त्यांची पहिली खूण ८, ९, ए किंवा बी यांपैकीच असते. हे इंजिनामागचे डबे, स्वतःहून अक्षर सुरू करत नाहीत. हे ओळखपट्टीचे आकडे काढून टाकले आणि उरलेले एकापुढे एक लावले की ०९२८ हाती येतं. युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, ०९२८ या घरात 'न' राहतो.

ही पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी १९९२ च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत टेबलावरच्या कागदी चटईवर ती मांडली. जेवताना मांडलेली ही गोष्ट आज जवळजवळ सगळं इंटरनेट पेलते आहे. तिची खरी करामत अशी की मजकुरात कुठंही मध्येच उडी मारली तरी अक्षर कुठून सुरू होतं ते कळतं. आपण डब्यावर पडलो असलो तर एक-दोन पावलं मागे सरकायचं, इंजिन सापडतंच.

युनिकोडमध्ये देवनागरीसाठी ०९०० ते ०९७एफ अशी १२८ घरं आहेत. त्यांची मांडणी भारतीय मानक ब्युरोच्या इस्की या जुन्या संकेतावर बेतलेली आहे, म्हणून ती वर्णमालेच्याच क्रमानं जाते. क ०९१५, ख ०९१६, ग ०९१७. हेक्समध्ये शेवटचे बाइट ९५, ९६, ९७ असे ओळीनं येतात. थोडा सराव झाला की बाराखडी आकड्यांतूनच दिसायला लागते. मला दिसायला लागली तेव्हा बायकोनं काळजीनं पाहिलं होतं.

भुलाबाईची गाणी संपली की मुली बंद डबा वाजवून आतला खाऊ ओळखतात. हेक्स पाहून मजकुराचा संकेत ओळखणं हा तोच खेळ. ई० ए४, ई० ए४, मधूनच ई० ए५ असा ठेका ऐकू आला की डब्यात यूटीएफ-८ मधली देवनागरी. ०९ पुन्हापुन्हा आलं, एक सोडून एक बाइट, तर यूटीएफ-१६. तिथं प्रत्येक अक्षराला दोनच बाइट लागतात. जुन्या फोनवरचे मराठी एसएमएस याच दोन बाइटांच्या हिशोबानं जायचे. एका एसएमएसची पिशवी १४० बाइटांची. तिथं इंग्रजी अक्षराला आठऐवजी सातच होय-नाही लागत, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरं मावत आणि मराठीत ७०. 'मराठी मेसेज महाग पडतो' ही तेव्हाची तक्रार अगदी सोळा आणे खरी होती.

तिसरा आवाज फसवा आहे. बहुतेक बाइटांची पहिली खूण ७ च्या वर जात नाही, म्हणजे डब्यात वरवर इंग्रजी आहे, पण वाचलं तर अर्थ लागत नाही. असा मजकूर बहुधा जुन्या फॉन्टातला असतो. कृतिदेव फॉन्टात 'नागपूर' लिहिलं की फाईलमध्ये प्रत्यक्षात यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही इंग्रजी अक्षरं बसतात, हेक्समध्ये ७५ ६बी ७८ ६९ ७७ ६ए. फॉन्ट फक्त त्यांच्या चेहऱ्यावर मराठी मुखवटे चढवतो. मुखवटा काढला की मराठी संपलं. विदर्भातल्या छापखान्यांत आणि कचेऱ्यांत अशा फायलींचे डोंगर पडून आहेत. त्यांचं ई-पुस्तक करायचं तर आधी फॉन्टानुसार परिवर्तक लावून युनिकोड करावं लागतं, आणि पहिल्या वेलांटीचा गोंधळ हातानं निस्तरावा लागतो. त्या फॉन्टांत ती टंकताना अक्षराच्या आधी येते आणि युनिकोडमध्ये नंतर.

आत्याच्या डब्यात सुदैवानं यूटीएफ-८ होतं. मग काय, बरोबरची चिन्हं काढा आणि हेक्सचे बाइट करा, पायथॉन या संगणकभाषेत एका ओळीचं काम. मी ती ओळ लिहिली, ४३ फायलींवर चालवली, आणि प्रत्येक गाण्यात ठरावीक अंतरावर काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उगवलं.

चूक माझी होती. या बरोबरच्या चिन्हांच्या लेखनात एका ओळीत जास्तीत जास्त ७६ खुणा बसतात. ओळ भरली की शेवटी एक सुटं बरोबरचं चिन्ह येतं, त्याचा अर्थ 'पुढे चालू'. उरल्या ७५ खुणा. एका बाइटला तीन, म्हणजे २५ बाइट. मराठी अक्षराला किंवा मात्रेला बाइट लागतात तीन, आणि २५ ला तीननं भाग जात नाही. सलग अक्षरं असली की आठ पूर्ण होतात आणि नवव्याचं इंजिन या ओळीत, डबे पुढच्या ओळीत. मी एकेक ओळ सुटी सुटी उलगडली, त्यामुळे बहुतेक ओळींच्या टोकाला एक अक्षर मधोमध चिरलं गेलं. आधी सगळ्या ओळी जोडून मग उलगडायला हवं होतं.

ती चौकट दिसते तेवढी निरुपद्रवी नसते. तुटका बाइट दिसला की प्रोग्रॅम त्याच्या जागी बदली खूण ठेवतो, तिचे बाइट ईएफ बीएफ बीडी. मूळ तुकडा 'न' चा असो की 'ळ' चा, जागेवर तेच तीन बाइट येतात. फाईल तशीच साठवली की मूळ अक्षर कायमचं गेलं. आणि मी पहिल्या झटापटीत मूळ फायलींवरच साठवलं होतं. ४१ फायलींची प्रत पेनड्राइव्हवर होती. उरलेल्या दोन फायलींची नव्हती. फोन तोवर पुरता मेला होता.

मला या गाण्यांचं ई-पुस्तक करायचं होतं. अक्षरं परत आली तरी पुस्तक मात्र आलेलं नसतं, हे तेव्हा नीट कळलं. हेक्सला अक्षर माहीत असतं. गाण्याचं नाव कुठलं, कडवं कुठं संपतं, कुठलं गाणं आधी, हे त्याला ठाऊक नसतं. ओळ संपल्याची खूण आत्याच्या फायलींत होती, ०डी ०ए. टाइपरायटरचा गाडा मागे ढकलायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा, या दोन हालचालींचे हे दोन बाइट. पण ई-पुस्तकाची पानं वेबपानांच्याच भाषेत लिहिलेली असतात, आणि ती भाषा या खुणेला साध्या जागेइतकीच किंमत देते. पहिल्या प्रयत्नात सगळी कडवी एकमेकांना चिकटून गाण्याचा निबंध झाला. प्रत्येक ओळीला स्वतंत्र खूण द्यावी लागली.

ईपब नावाचं हे पुस्तक म्हणजे खरं तर एक झिप गाठोडं. प्रकरणांची पानं, सजावटीचे नियम, हवा असेल तर फॉन्ट, अनुक्रमणिका, आणि एक यादी: गाठोड्यात काय काय आहे आणि कुठल्या क्रमानं वाचायचं. हा नमुना २००७ मध्ये आला, आणि २०१७ पासून वेबचे नियम ठरवणारी डब्ल्यू३सी ही संस्था त्याची देखभाल करते. गाठोडं बांधायला मी कॅलिबर वापरलं. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

यादीत पुस्तकाची भाषा नोंदवणं बंधनकारक आहे, आणि मराठी लोक तिथं हमखास आळस करतात. देवनागरी हिंदीचीही आणि आपलीही, पण मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि फॉन्ट भाषेची नोंद पाहून ठरवतो. तिथं मराठी लिहिलं नाही तर आत्याची गाणी हिंदी वळणात उभी राहतात.

काही चुका हेक्सनं इमानेइतबारे जशाच्या तशा परत केल्या. आत्याच्या फोनवर 'दऱ्या'मध्ये अर्धचंद्रासारखा दिसणारा 'ऱ' नव्हता. युनिकोडमध्ये त्याचं घर ०९३१ आहे, पण बटणांवर तो सापडायचा नाही. त्यामुळे डोंगरातल्या दऱ्यांचा झाला दर्या, म्हणजे समुद्र. नागपुरात समुद्र! अशा जागा शोधून हातानं बदलल्या. गाण्यांचा क्रमही हातानंच लावला. अर्ध्या नोंदींवर एकच तारीख होती, कारण बॅटरी काढली की फोनचं घड्याळ मूळपदावर जायचं.

तयार पुस्तक सहज हेक्समध्ये उघडून पाहिलं. पहिले दोन बाइट ५० ४बी, म्हणजे पी आणि के. झिपचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरं १९८९ पासून प्रत्येक झिप गाठोड्याच्या तोंडाशी आहेत. बाइट मोजायचे ते शून्यापासून. झिरो माईलच्या गावात हे कुणाला पटवावं लागत नाही. त्या हिशोबानं ३८ व्या बाइटपासून, न दाबलेल्या साध्या अक्षरांत, 'मी ईपब आहे' अशी २० अक्षरांची ओळख ठेवलेली असते. गाठोडं न सोडता ई-रीडरला कळावं म्हणून तिची जागा ठरलेली.

नातीच्या ई-रीडरवर आत्यानं गाणी उघडली, अक्षर दोनदा मोठं केलं आणि वाचायच्या ऐवजी म्हणायलाच लागली. जखमी झालेल्या त्या दोन गाण्यांत चौकट आली तरी तिचा सूर अडला नाही. ती म्हणत गेली आणि मी मागून अक्षरं भरत गेलो. एका जागी मात्र तीही थांबली. पुन्हा कडव्याच्या सुरुवातीपासून म्हणून पाहिलं, हातानं ताल धरून पाहिलं. नाहीच आठवलं. तिथं ईएफ बीएफ बीडी तसंच आहे.