पर्सनल लोकेटर बीकन (पीएलबी)
दुर्गम भागात अडकलेल्या किंवा जखमी झालेल्या माणसाने स्वतः सुरू करायचे, खिशात मावणारे संकटसूचक यंत्र. नाशिक जिल्ह्यात सेलबारी-डोलबारी, सातमाळा आणि त्र्यंबक या रांगांमध्ये फिरताना माथ्यावर मिळालेली मोबाइलची रेंज घळीत उतरल्यावर जाते. पीएलबीला टॉवर लागत नाही.

अँटेना उलगडून बटण दाबून धरले की यंत्र ४०६ मेगाहर्ट्‌झवर साधारण ५ वॅट शक्तीने, सुमारे ५० सेकंदांच्या अंतराने संदेश सोडते. त्यात यंत्राचा ओळख क्रमांक असतो आणि जीपीएस लागले असल्यास ठिकाणही. १२१.५ मेगाहर्ट्‌झवरचा क्षीण संकेत शोधपथकाला शेवटच्या टप्प्यात माग काढायला कामी येतो. हे संदेश कोस्पास-सारसॅट ही आंतरराष्ट्रीय यंत्रणा उपग्रहांमार्फत टिपते. भारतातील तिचे नियंत्रण केंद्र इस्रोकडे, बंगळुरूत आहे. बॅटरी सुरू केल्यापासून किमान २४ तास चालावी लागते. तिची मुदत यंत्रावरच छापलेली असते, ती निघण्याआधी पाहावी.

नोंदणी मात्र अनेकजण टाळतात, आणि ते फार महागात पडू शकते. नोंदणीत घरच्यांचा फोन असेल तर बचाव केंद्र थेट विचारू शकते की माणूस धोडपला गेला की साल्हेरला. परदेशातून आणलेल्या यंत्रात तिथलाच देशसंकेत असतो, त्यामुळे चौकशी आधी त्या देशाकडे वळते. भारताचा संकेत ४१९ आहे. उपग्रह फोन आणि दुतर्फी उपग्रह मेसेंजर मात्र भारतात परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा ठरतो. पीएलबी घेतानाही परवान्याची बाजू आधी तपासावी.

यंत्राला मोकळे आभाळ लागते. नाशिककर घोटीमार्गे ज्या सांदण दरीत उतरतात, तिथे डोक्यावर आभाळाची चिंचोळी पट्टीच उरते. अशा जागी जमत असेल तर उघड्यावर यावे आणि अँटेना उभी ठेवावी. यंत्र सॅकमध्ये टाकू नये, अंगावर बांधावे: हरिहरच्या कातळपायऱ्यांवर पाय घसरला आणि सॅक दरीत गेली, तर मदतीची हाकही तिच्याबरोबर जाते.

पीएलबीवर बोलता येत नाही. पाय मोडला की साप चावला, हे त्यातून कळत नाही. शिवाय संदेश काही मिनिटांत पोहोचला तरी दोर आणि स्ट्रेचर घेऊन माणसे वर यायला तास लागतात, आणि सह्याद्रीत सर्वांत आधी धावून येतात ते बहुधा पायथ्याचे गावकरी. म्हणून वाट आणि परतीची वेळ घरी व पायथ्याच्या गावात सांगून निघावे, रेंज असेल तर आधी ११२ लावावा. यंत्र चुकून सुरू झाले तर ते बंद करून लगेच बचाव केंद्राला कळवावे.